मार खाऊन पोर कणखर होत नाही

बसा. मोबाइल खिशात ठेवा. मागच्या बाकांवर रेलून बसलेल्या बापांनी पुढे यावं. आज प्रगतिपुस्तकं वाटणार नाही. आज पोरांबद्दल नाही, तुमच्याबद्दल बोलायचंय.

विट्यात शिकवायला लागल्यापासून एक वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता ते कानाला टोचतं. ‘बाई, आमी बी लई मार खाल्लाय, काय झालं आमाला?’ बापांकडून ऐकलं, आजोबांकडून ऐकलं, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं. त्याचं उत्तर आज देऊन टाकते. काय झालं ते ऐका. पोराच्या पाठीवर वळ उमटलेले असतात आणि तुम्हाला त्यात वावगं काही दिसत नाही, हे झालं. लहानपणी जे सोसताना तुमचा जीव कासावीस झाला होता, तेच आज तुम्ही हसत हसत सांगता आणि पुढच्या पिढीला वाढता. इजा झाली नाही असं कोण म्हणतं? तुमच्या पोटचं पोर ती इजा भोगतंय.

दुसरं वाक्य याच्या पाठोपाठ येतं. ‘पोरं काय, रात्री मार खात्यात, सकाळी इसरत्यात.’ विसरत नाहीत. सकाळी उठून शाळेत यायचं असतं, डबा तुमच्याच हातचा खायचा असतो, फी तुम्हीच भरणार असता, म्हणून गप्प बसतात. त्या गप्प बसण्याला तुम्ही कणखरपणा म्हणता. सोयीचं आहे ना? मारणाऱ्याला माफी मागावी लागत नाही आणि वर पोर घडवल्याचं श्रेयही पदरात पडतं.

शेजारच्या आटपाडी तालुक्यात जून २०२५ मध्ये काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. सतरा वर्षांची मुलगी, बारावीत शिकणारी, दहावीला नव्वदच्या वर टक्के मिळवलेली, ‘नीट’ची तयारी करणारी. सराव परीक्षेत गुण कमी पडले. वडिलांनी मारहाण केली आणि त्यातच ती गेली, अशी फिर्याद खुद्द तिच्या आईने दिली. वडिलांना अटक झाली. वडील कोण होते? शाळेचे मुख्याध्यापक. मी तिचं नाव घेणार नाही, गावाचंही घेणार नाही. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करू नये असं बाल न्याय कायदा सांगतो. शिवाय तिच्या नावाची चर्चा चावडीवर पुष्कळ झाली आहे. आता आपल्याबद्दल बोलू.

त्या आठवड्यात सगळ्यांनी हळहळून घेतलं. ‘बाप हाय का राक्षस’ म्हणून मोकळे झालात. राक्षस म्हटलं की आपण सुटतो, नाही का? राक्षस वेगळा, आपण वेगळे. पण सराव परीक्षेचे गुण बघून हात उगारणं हे याच खोलीतल्या किती घरांत चालतं, ते मला वह्या तपासताना कळतं. पोरं माझ्याकडे येऊन कुजबुजतात, ‘बाई, दोन गुण वाढवून द्या, नाहीतर घरी...’ पुढचं वाक्य पूर्ण करायचं धाडस त्यांना होत नाही. त्या घरात आणि तुमच्या घरात मार कुठे थांबला एवढाच फरक आहे. आणि तो कुठे थांबणार, हे हात उगारताना कुणालाही ठाऊक नसतं. ‘मी मापात मारतो’ म्हणणाऱ्याने आपला राग कोणत्या तराजूत तोलला ते मला सांगावं.

आणि माझ्याच पेशातल्या लोकांनो, मान खाली घालू नका, वर बघा. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना वळण लावणारा माणूस घरी येऊन काय करतो, हे आता सगळा जिल्हा विचारतोय. आपल्यातल्या ज्यांची छडी कायद्याने काढून घेतली, त्यांनी ती मनातून अजून खाली ठेवलेली नाही.

आता तुमचा मोठा युक्तिवाद घेते. ‘मार खाऊनही माणसं मोठी झाली की!’ झाली. पण विट्याची माणसं हिशेबाला पक्की म्हणवता, मग इथेच हिशेब अर्धा का करता? मार खाऊन फौजदार झालेला एक भाऊ तुम्ही मोजता. त्याच घरातला, त्याच पट्ट्याने मार खाल्लेला, नववीत शाळा सोडून दारूला लागलेला दुसरा भाऊ मोजत नाही. लग्नानंतर नवऱ्याचा मारही मुकाट सोसणारी बहीण तर तुमच्या वहीत येतच नाही.

हा हिशेब नीट केलेली माणसं आहेत. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी जन्मापासून पार चाळिशीपर्यंत घेतला. त्यातली साधारण एकतृतीयांश मुलं बिकट घरांतली होती. कुठे गरिबी, कुठे भांडणं, कुठे दारू, कुठे आईबापाचं मानसिक आजारपण, आणि बऱ्याच घरांत हे सगळं एकदम. या बिकट घरांतल्या मुलांपैकी एकतृतीयांश मुलं चांगली निघाली. शिकली, कामाला लागली, माणसं जोडून राहिली. उरलेल्या दोनतृतीयांश मुलांची शाळेत, वागण्यात किंवा मनाने फरफट झाली. म्हणजे ज्याच्या जोरावर तुम्ही हात उगारता, तो तीनातला एक. बाकीच्या दोघांचं काय करायचं, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

आणि तो एक कशामुळे निघाला? त्रासामुळे नाही. त्या मुलांच्या आयुष्यात निदान एक माणूस असा होता, ज्याच्याकडे विश्वासाने जाता येत होतं. कुणाची आजी, कुणाची मोठी बहीण, कुणाचा शेजारी, कुणाचा शिक्षक. त्या माणसाने फार मोठं काही केलं नव्हतं. दार उघडं ठेवलं होतं, म्हणणं ऐकून घेतलं होतं, आणि पोराला आपण कुणालातरी हवे आहोत असं वाटू दिलं होतं. घसरलेल्यांपैकीही पुष्कळजण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले, पण तेही कुणी पुन्हा शिकायची संधी दिली, कुणी भला जोडीदार मिळाला, तेव्हा. या विषयात आयुष्य घालवलेल्या ॲन मास्टन यांनी २००१ साली हेच मांडलं, की मुलांच्या या सावरण्यात अलौकिक काही नसतं. साध्या, रोजच्या आधारांवर ते उभं राहतं. आधार काढून घेतला तर चमत्कार होत नाही.

‘सोनं आगीतूनच निघतं’ हा दाखला तर तुमच्या जिभेवर असतोच. विट्यात तरी हा दाखला जपून द्या, कारण समोर गलाईवाल्यांची घरं बसली आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतली माणसं देशभरच्या शहरांत सोनं-चांदी गाळायला गेली. विचारा त्यांना. मुशीला आच किती द्यायची, केव्हा उतरवायची, हे डोकं शांत ठेवून ठरवतात की बायकोशी भांडून आल्यावर? आगीने सोनं तयार होतं का? आधी जेवढं होतं तेवढंच निघतं, आणि हात चुकला तर त्यातलंही वाया जातं. तुमच्या घरच्या भट्टीतून पोर धड बाहेर पडलं असेल, तर श्रेय पोराचं आहे आणि त्याला हात देऊन बाहेर ओढणाऱ्याचं आहे. भट्टी पेटवणाऱ्याने पुढे येऊन हार घालून घेऊ नये.

काहीजण साने गुरुजींना मध्ये आणतात. ‘श्यामच्या आईनंबी पोहायला जात न्हाय म्हणून श्यामला झोडपलं हुतं.’ पुस्तक पूर्ण वाचलंय का? त्या मारानंतर आईचे डोळे भरून आले, तेही वाचलंय का? आणि त्या आईच्या बाकीच्या सगळ्या रात्री वाचल्या का? पोराच्या तळपायाला माती लागू नये म्हणून पदर पसरणारी बाई होती ती. तुम्ही त्या पुस्तकातून एक मार तेवढा उचललात, आणि माया तिथेच ठेवून आलात.

अमेरिकेतल्या एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली पन्नास वर्षांतल्या अभ्यासांची छाननी करून १,६०,९२७ मुलांची माहिती एकत्र तपासली. त्यात पट्टा, काठी असलं काही धरलेलं नव्हतं. फक्त उघड्या हाताने दिलेले फटके. तरीही त्या फटक्यांनी मुलांचं वागणं सुधारतं असं दिसलं नाही. उलट जिथे मार जास्त, तिथे आक्रस्ताळेपणा, उदासी, आईबापांशी दुरावा जास्त. मग पट्ट्याने आणि लाटण्याने तुम्ही काय सुधारताय?

पोर काय शिकतं ते मी सांगते, कारण ते माझ्या वर्गात बसतं. सहीची नक्कल करायला शिकतं. पेपर लपवायला शिकतं. जिना चढणाऱ्या पावलांवरून बापाची मनःस्थिती ओळखायला शिकतं. फळ्यावरचं गणित त्याच्या डोक्यात शिरत नाही, कारण डोकं दिवसभर धोक्याची चाहूल घेण्यात गुंतलेलं असतं. मी डस्टर उचलायला हात वर केला की ते डोळे मिटून खांदे आवळतं. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतं. शाळा सुटल्यावर रेंगाळतं, घरी जायला निघतच नाही. सुट्टी लागली की इतर पोरं उड्या मारतात आणि याचा चेहरा उतरतो.

आणखी एक पोर असतं, ते तुम्ही कधीच ओळखत नाही. ते फार शहाणं असतं. कधी चुकत नाही, कधी मागत नाही, धाकट्या भावाला पाठीशी घालतं, शिक्षकांची कामं धावत करतं. पालकसभेत तुम्ही त्याचं कौतुक करता, ‘आमचं पोर लई समजूतदार हाय.’ ती समजूत नाही, धास्ती आहे. चांगले गुण पडतात म्हणून पोर आतून धड आहे, असं धरून चालू नका. आटपाडीच्या त्या मुलीलाही गुण होते.

आता शेजाऱ्यांकडे येते. विट्याच्या गल्ल्यांत मागांचा खडखडाट दिवसरात्र चालतो. त्या खडखडाटात चारांपैकी एक माग बंद पडला तर मालक झोपेतून उठतो. शेजारच्या भिंतीपलीकडून पोराची किंकाळी येते ती मात्र कुणालाच ऐकू येत नाही. ‘त्यांच्या घरचा मामला.’ कुठला घरचा मामला? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांवरच्या अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यं, त्यात महाराष्ट्रही, आणि बारा हजारांवर मुलं. तीनांतल्या दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. जे घरोघरी चालतं ते घरचं कसं राहील? तो गावाचा मामला आहे.

लांबचे दाखले नकोत ना? मग जवळचा देते. याच आटपाडीजवळ १९३९ साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेवरून स्वतंत्रपूर वसवलं. खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी तिथे बेड्यांशिवाय, तटबंदीशिवाय, शेती करत राहिले. त्यावरूनच माडगूळच्या गदिमांनी पटकथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. तो सिनेमा बघून तुम्ही डोळे पुसलेत. म्हणजे माणदेशाच्या मातीत खून केलेल्या माणसावरही विश्वास टाकून त्याला माणसात आणता येतं, हे ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. आणि तुम्ही मला सांगता, की सातवीतलं पोर पाढे विसरलं तर पट्ट्याशिवाय इलाज नाही? खुन्याला जी इज्जत मिळाली, ती तुमच्या लेकराला मिळायला त्याने आधी कुठला गुन्हा करावा?

आता कायदा ऐका, नंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणू नका. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. ‘ठोकून काढा बाई, आम्ही इचारायला येणार न्हाय’ असं तुम्ही म्हटल्याने मला परवानगी मिळत नाही. ती द्यायचा तुम्हाला अधिकारच नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण करून शरीराला किंवा मनाला विनाकारण यातना दिल्या, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखाचा दंड, किंवा दोन्ही. ‘ज्याच्या ताब्यात’ यात जन्मदाता बापही येतो. ‘माझं पोर हाय, मी काय बी करीन’ हे वाक्य तुम्ही पोलीस ठाण्यात म्हणून बघा.

कायद्याने हात थांबतो, पोर सावरत नाही. ते काम माणसांनी करायचं असतं. म्हणून ज्याचं त्याला सांगते.

शिक्षकांनो, पोराच्या अंगावर खूण दिसली तर भर वर्गात ‘काय रे, कुणी मारलं?’ म्हणून तमाशा करू नका. बाजूला घ्या, बसवा, ते सांगेल तेवढं ऐका. सात जणांनी सात वेळा तेच विचारून त्याला चोर ठरवू नका. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं खोटं वचन देऊ नका. सांगावं लागणार असतं. बापाला बोलावून ‘तुमच्या पोराने अशी तक्रार केली’ म्हणून चहाड्या करू नका, त्या रात्री दुप्पट मार बसतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, तुम्हीही फिरवू शकता आणि पोरही फिरवू शकतं. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपर्यंत गोष्ट पोचवा. आणि रोजच्या रोज एक करा. त्या पोराला एक काम द्या, जे त्याला जमतं. वाचनालयाची चावी, सामन्याची धावफलक-वही, झाडांना पाणी, काहीही. घरी रोज ‘तू बिनकामाचा’ ऐकणाऱ्याला ‘हे तुझ्याशिवाय होत नाही’ असं एका जागी तरी कळू द्या.

आयांनो, तुम्हालाही मार बसत असेल तर तुमची अडचण मला दिसते. पण मार झाल्यावर पोराच्या पाठीवर तेल चोळताना ‘पप्पांचा जीव हाय तुझ्यावर म्हणून मारत्यात’ हे सांगणं आजपासून बंद करा. त्याने पोराला एकच धडा मिळतो, की जीव लावणारा माणूस मारतोच. मुलगी असेल तर हाच धडा घेऊन ती सासरी जाते. ‘हे चुकीचं झालं, तुझी चूक नव्हती,’ एवढं पोराच्या कानावर घाला.

आज्यांनो, तुमच्यावर माझी सगळ्यात जास्त मदार आहे. लेक-सून गलाईला परराज्यात, नातवंडं तुमच्याजवळ, अशी घरं इथे किती आहेत. बिकट घरातली पोरं तारणाऱ्यांत आजी असते, हे आत्ताच सांगितलं. ते नातवंड उद्या आईबापाकडे जाईल तेव्हाही तुमचं दार त्याला उघडं राहू द्या, आणि ‘तुझा बाप बी असाच मार खाऊन मोठा झाला’ ही गोष्ट सांगायची थांबवा.

आणि बापांनो. तुमच्यापैकी पुष्कळांनी खरोखर मार खाल्लाय, आणि सगळे मारकुटे झालेले नाहीत, हेही मी जाणते. मार खाल्लेला मारतोच असा काही नियम नाही. ज्यांनी आपल्या बापाचा पट्टा आपल्या घरात आणला नाही, असे चारपाच जण आत्ता याच खोलीत बसलेत. तुम्ही ज्याला कणखरपणा म्हणता, तो त्यांच्यात आहे. ते बोलत नाहीत आणि मारणारे मोठ्याने बोलतात, म्हणून गावात उलटा समज झालाय.

ज्यांनी मारलंय त्यांनी आज घरी जाऊन पोराची माफी मागायची. ‘पण तू बी तसंच वागलास’ अशी शेपटी न लावता. वचक जाईल म्हणता? वचक जाऊ दे. पोर पेपर लपवायचं बंद करेल, एवढं तरी होईल.

पोराने कणखर व्हावं असं वाटतं ना, मग आधी तुम्ही व्हा. राग आला की घराबाहेर पडून चौंडेश्वरी चौकापर्यंत चालून येण्याइतके कणखर व्हा. शेजारी वाईट म्हणतील हे ठाऊक असूनही १०९८ फिरवण्याइतके व्हा. पुढच्या सभेला मी गुणांबद्दल बोलेन. पण एखाद्या पोराच्या अंगावर मला पुन्हा वळ दिसला, तर सभेची वाट बघणार नाही. त्याच दिवशी तक्रार जाईल, आणि त्यावर तक्रारदार म्हणून माझं नाव असेल. निघा आता.